लगाम सगळ्यात शेवटी

आमच्याकडे घोडेस्वारी शिकायला आलेल्या माणसाला पहिले काही आठवडे लगाम मिळत नाही. घोडा मिळतो, खोगीर मिळतं, डोक्याला हेल्मेट मिळतं. रिकिबी कधी असतात, कधी मी काढून ठेवते. लांब दोरीचं एक टोक घोड्याच्या म्होरकीला आणि दुसरं माझ्या हातात. घोडा माझ्याभोवती गोल फिरतो आणि वर बसलेला माणूस हात पसरून, कधी डोळे मिटून, कधी मोठ्याने पाढे म्हणत बसलेला असतो. पुण्याहून भल्या पहाटे निघून मुलाला घेऊन आलेले आईबाबा कुंपणाशी उभे राहून हे बघतात, आणि दोन-तीन रविवार गेले की कुणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, हा स्वतः कधी चालवणार?"

प्रश्न रास्त आहे. पैसे दिलेत, झोपमोड केलीये, मुलगा शाळेत ‘मी घोडा शिकतोय’ म्हणून सांगून बसलाय. दर वेळी घाईघाईत अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी जनावरांची डॉक्टर. उरुळी कांचन आणि यवतच्या मध्ये, सोलापूर रस्ता सोडून थोडं आत, आमच्या शेतातच तबेला आहे. पहाटे आणि शनिवार-रविवारी शिकवणं, बाकी वेळ पंचक्रोशीतल्या गाई-म्हशी, शेळ्या आणि घोडी. घोड्याच्या तोंडात हात घालायची वेळ त्यामुळे माझ्यावर सारखीच येते, आणि लगामाबद्दलचं माझं मत त्या तोंडातूनच आलंय.

घोड्याचे पुढचे दात गवत कातरायचे आणि मागच्या दाढा ते दळायच्या. या दोन्हींच्या मध्ये जबड्याचा एक पट्टा रिकामा असतो. नरांना त्यात एक सुळा असतो, घोडीला सहसा तोही नसतो. बिट, म्हणजे लगामाची तोंडात जाणारी कडी, तिथे बसते. थोडी जिभेवर, थोडी त्या रिकाम्या हिरडीवर. ती हिरडी अगदी पातळ असते. आपली नडगी कशी कातडीखाली लगेच हाताला लागते, तसं तिथलं हाड बोटाला लागतं, आणि त्याला वरच्या बाजूला धारही असते. निसर्गाने ही जागा कुणी काही अडकवावं म्हणून मोकळी ठेवलेली नाही.

म्हणून पहिला धडा घोड्यावर बसून होत नाही. आमची चांदणी नावाची म्हातारी सब्जी, म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाची, घोडी आहे, स्वभावाने अतिशय सोशिक. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून मी अंगठा आत घालते, ती तोंड उघडते, आणि मुलं एकेक करून आत बघतात. ज्याला धीर होतो त्याचं बोट मी माझ्या हाताने धरून त्या हिरडीवरून फिरवते. मऊ, ओली, गरम. बहुतेक मुलं एकदम गप्प होतात.

मग मी धुतलेलं बिट आणि लगाम आणते आणि जोड्या लावते. एकाने बिट दोन्ही मुठींत धरून डोळे मिटायचे, तो घोडा. दुसऱ्याने त्याच्या मागे उभं राहून लगाम धरायचा, तो स्वार. स्वाराने फक्त करंगळी मिटायची. घोडा झालेल्याने सांगायचं, काय कळलं. मागच्या हिवाळ्यात आलेली चौथीतली एक मुलगी डोळे मिटून उभी होती. म्हणाली, "ताई, हा नुसता श्वास घेतो तेपण मला इथे कळतंय." तिच्या मागचा मुलगा लगाम हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा राहिला, श्वास घ्यायचीही त्याला भीती वाटायला लागली.

या खेळाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. आता स्वाराने लगाम ओढायचा आणि ओढूनच धरायचा, सोडायचा नाही. इथे दर वेळी एकच गोष्ट होते. घोडा झालेलं मूल दोन-तीन क्षण सहन करतं आणि मग उलट ओढायला लागतं. कुणी सांगितलेलं नसतं, तरी सगळी ओढतात. मोठी माणसंही ओढतात. मग मी विचारते, "तुला कुणी सांगितलं ओढायला?" उत्तर नसतं. सतत ओढलेल्या गोष्टीला अंग आपोआप विरोध करतं, घोड्याचं तर पाचशे किलोचं अंग.

आता यावर शिकाऊ माणूस बसवा. नवा माणूस खोगिरावर डुगडुगतो, ते साहजिक आहे. तोल गेला की हाताला जे सापडेल ते माणूस धरतो, तेही साहजिक आहे. त्याच्या हातात त्या वेळी लगाम असेल तर त्याचा सगळा तोल त्या पातळ हिरडीवर जाऊन पडतो. घोडा डोकं वर झटकतो, पाठ आखडतो, पाठ आखडली की वरचा माणूस आणखी उडतो, आणखी घट्ट धरतो. दोघंही एकमेकांना भीती शिकवतात. याच्यावर मला सापडलेला उपाय एकच: मांड पक्की होईपर्यंत हातात लगाम द्यायचाच नाही. तोल जाईल तेव्हा धरायला घोड्याच्या गळ्यात एक चामडी पट्टा असतो. तो कितीही ओढला तरी तोंडाला काही होत नाही.

काटेरी बिटाबद्दल इथेच लिहून टाकते. वरातीत नाचवायच्या घोड्यांच्या तोंडात ती अजूनही सापडतात. कडीला आतून टोकं असतात, ओढलं की ती जिभेत आणि ओठांत रुततात, घोडा वेदनेने पाय उचलतो आणि लोक म्हणतात छान नाचला. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्याचे केंद्राचे नियम १९६५ पासून आहेत आणि त्यात अशी बिटं वापरायला स्पष्ट मनाई आहे. जिभेवर खाचा पडलेली घोडी मी तपासलीयेत. तुमच्या घरच्या लग्नात घोडा येणार असेल तर वरात निघायच्या आधी त्याचं तोंड बघा आणि बिट काटेरी निघालं तर तिथल्या तिथे बदलायला लावा. नवरदेवाच्या घरच्यांनी सांगितलं की घोडेवाला ऐकतो.

आमच्या तबेल्यातले निम्म्याहून जास्त घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड आहेत. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून असे घोडे बाहेर पडतात, बरेचसे अजून तरणे असतात, आणि घोडेस्वारी शिकवणाऱ्या ठिकाणी येतात. या घोड्यांचं एक शिक्षण झालेलं असतं, आणि ते आपल्या उपयोगाच्या अगदी उलट असतं. शर्यतीत जॉकी लगाम आखडता घेतो आणि घोडा त्या बिटावर रेलून पळतो. म्हणजे लगाम घट्ट झाला की पळायची वेळ झाली, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. शिकाऊ माणूस घाबरून लगाम ओढतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं ‘थांब’, घोड्याला ऐकू येतं ‘चल’. ‘मी ओढत होतो तरी तो थांबेना’ अशा ज्या कथा लोक सांगतात, त्यातल्या कितीतरी अशा झालेल्या असतात. घोडा आज्ञाधारकच असतो.

असा घोडा नव्याने शिकवायला महिने जातात. आमच्याकडचा बाळ्या नावाचा उंच कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, घोडा आला तेव्हा लगामाला बोट लागलं तरी मान ताणायचा. त्याला आम्ही बिटाशिवायच शिकवायला सुरुवात केली. साध्या म्होरकीवर, चालीत, माणूस शेजारी चालत. थांबला की लगेच दोरी सैल. एवढंच, पुन्हापुन्हा. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. कोणत्या कृतीनंतर त्रास संपला, ती कृती तो लक्षात ठेवतो. म्हणून दोरी सैल करायला क्षणभर उशीर झाला तर तो भलतीच गोष्ट शिकून मोकळा होतो. थांबल्यावर सैल केली तर थांबणं शिकला. थांबून, कंटाळून, मान झटकल्यावर सैल केली तर मान झटकणं शिकला.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. व्हेटरनरीला असताना मी एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी, म्हणजे घोडेस्वारी शिकवणाऱ्या, तुकडीत होते. आम्हाला शिकवायला जे उस्ताद होते ते साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत नोकरी केलेले. जगात आज ज्या मोजक्या फौजांकडे घोडदळ उरलंय त्यातली ही एक, १९५३ साली उभी राहिलेली, आणि तिच्यात राजपूत आणि राजस्थानातल्या कायमखानी मुसलमानांबरोबर मराठा सवार पहिल्यापासून आहेत. आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत असतं. उस्ताद बोलायचे कमी. आम्हा मुलींना ते लगामाची गाठ मारून घोड्याच्या मानेवर टाकायला लावायचे, रिकिबी पुढे उलटसुलट टाकायला लावायचे, हात कमरेवर, आणि मग दुडकी, म्हणजे चालीपेक्षा वेगाची, उसळवणारी चाल. जमिनीवर ठेवलेल्या वाशांवरून, नंतर छोट्या अडथळ्यांवरून. पहिल्या हिवाळ्यात मांड्यांना जे काही झालं ते कुठल्याही मलमाने कमी होण्यासारखं नव्हतं. पण त्या हिवाळ्यानंतर हातांना घोड्याला धरायची गरजच उरली नाही. उस्तादांनी लगाम परत हातात दिला तेव्हा तो बोलायला दिला, धरायला नाही, हे आमचं आम्हालाच समजलं.

१९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांबद्दल मात्र ते तासन्‌तास बोलायचे. रघुबीर सिंग यांनी शहजादा नावाच्या घोड्यावर इव्हेंटिंगचं, म्हणजे घोडेस्वारीच्या तीन प्रकारांच्या एकत्र स्पर्धेचं, वैयक्तिक सुवर्ण घेतलं होतं, संघाचं सुवर्णही आपलंच होतं. उस्ताद क्रॉस कंट्रीतल्या उड्या हवेत हाताने काढून दाखवायचे.

आता रोजच्या शिकवण्याकडे येते.

दोरीवरचं हे काम, ज्याला सगळीकडे लंजिंग म्हणतात, बघायला कंटाळवाणं असतं, हे मला मान्य आहे. वर बसणाऱ्याला ते अजिबात कंटाळवाणं नसतं. साध्या चालीत घोड्याचे चार पाय चार वेळा वेगवेगळे पडतात. डोळे मिटून बसलेल्याला मी विचारते, "आता मागचा डावा पाय कधी पडतोय, सांग." सुरुवातीला सगळे अंदाज मारतात. मग कधीतरी खोगिराखाली एक बाजू किंचित खाली जाते आणि परत वर येते, हे ढुंगणाला कळायला लागतं. हो, ढुंगणालाच. सभ्य शब्द वापरून हे शिकवता येत नाही. एकदा ते कळलं की माणूस घोड्यावर ठेवलेलं ओझं राहत नाही, त्याच्या चालीत मिसळायला लागतो.

दुडकीत मामला वेगळा. तिथे पाय तिरक्या जोड्यांनी पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. दोन ठोके, आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये घोडा क्षणभर हवेत. त्यामुळेच दुडकी उडवते. उडणारा माणूस श्वास रोखून धरतो, श्वास रोखला की पोट, कंबर, मांड्या सगळं लाकूड होतं आणि तो आणखी उडतो. ‘श्वास घे’ म्हणून सांगितलं तर मूल एक मोठा श्वास घेतं आणि तोच धरून ठेवतं. म्हणून मी पाढे म्हणायला लावते. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. बोलायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो. शिवाय पाढ्याला ताल असतो आणि तो दुडकीच्या तालात आपोआप पडतो. इंग्रजी शाळेतल्या मुलांना हे पाढे येत नाहीत. ती आमच्याकडे बेचा पाढा शिकून जातात. काहींच्या आज्यांनी मला त्याबद्दल फोन करून धन्यवाद दिलेत. सतराचा पाढा येणारं मूल मात्र दुडकीवर अडखळतं, कारण ते विचार करायला लागतं. पाढा सोपाच हवा.

मोठ्या माणसांना शिकवणं अवघड असतं असं सगळे म्हणतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मोठ्यांना पडायची भीती जास्त असते, कारण पडलं तर काय होतं हे त्यांना माहीत असतं. पण सांगितलेलं ते मनापासून करतात. नातीला घेऊन येणारे एक काका होते, एसटीत वाहक म्हणून निवृत्त झालेले. कुंपणापाशी उभं राहून दर रविवारी बघायचे. शिडशिडीत अंग. (वजन विचारणं आम्हाला भाग असतं. खोगिरासकट स्वाराचं ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा साधारण दंडक आहे.) एकदा मी म्हटलं, "काका, बसून बघा की." ते बसले. चाल ठीक. दुडकीला मी गळ्यातला पट्टा धरायला सांगितला, तर त्यांनी धरला आणि दोन फेऱ्यांत सोडून दिला. गुडघे सैल, घोटे सैल, प्रत्येक ठोक्याला खाली जाणारे आणि वर येणारे. मी बघतच राहिले. विचारलं, तर म्हणाले, "ताई, वरंधा घाटात गाडी वळणं घेत असायची आणि आमचे दोन्ही हात तिकिटात. दांडी धरायची तर तिकीट कधी फाडायचं?"

आयुष्यभर चालत्या गाडीत हात मोकळे ठेवून उभा राहिलेला माणूस. त्यांची मांड नोकरीतच तयार झाली होती. लगाम त्यांना मी इतरांच्या बराच आधी दिला.

दुसरं असंच उदाहरण आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या धनगराच्या मुलाचं. हा सगळा भाग भीमा-नीरेच्या खोऱ्यातला, म्हणजे भीमथडी तट्टांचा मुलूख. लहान चणीचं, कणखर, खडकाळ वाटेवर पाय न चुकणारं जनावर. मराठ्यांच्या स्वाऱ्या या तट्टांवर झाल्या. पुढे घोड्यांचं कामच गेलं आणि ही जात फक्त धनगरांनी टिकवली, कारण त्यांना तिची खरीच गरज होती. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाकडे निघतात तेव्हा अख्खा संसार तट्टावर असतो. वाकळा, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं. अलीकडे भीमथडीला घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली, त्याचा मला फार आनंद झाला. कितीतरी वर्षं या जनावराला नुसतं ‘गावठी तट्टू’ म्हणून हिणवलं जात होतं.

हा मुलगा तट्टावर खोगिराशिवाय बसतो. तोंडात बिट नाही, नुसती सुताची म्होरकी, आणि तिची दोरी एका हातात लोंबत असते. वळायचं असेल तर तो आधी तिकडे बघतो, मग कंबर वळते, मग तट्टू वळतं. दोरी तोवर हललेलीसुद्धा नसते. कुणी त्याला हे शिकवलेलं नाही. पाच-सहा वर्षांचा असताना ओझ्याच्या वर बसवून पाठवलं आणि तो शिकला. शहरातल्या मुलांना मी सुट्टीत त्याच्याबरोबर एक सकाळ घालवायला लावते. त्याने काही समजावून सांगावं अशी अपेक्षा नसते, त्यांनी फक्त बघायचं. पहिल्यांदा त्यांना वाटतं की त्याचं तट्टू फारच शिकवलेलं आहे. मग त्या तट्टावर स्वतः बसतात आणि ते जागचं हलत नाही.

माथेरानला, महाबळेश्वरला घोड्यावर बसून आलेली मुलं आमच्याकडे ‘आम्हाला येतं’ म्हणून येतात. त्या घोडेवाल्यांना नावं ठेवायची फॅशन आहे. मी ठेवत नाही. माथेरानला पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, माणसं आणि सामान वाहून न्यायला घोडे अजूनही लागतात, आणि तिथला घोडेवाला लाल मातीच्या चढावर लगाम आपल्या हातात ठेवून चालतो, पोराला खोगिराची मूठ धरायला सांगतो. अगदी बरोबर करतो. चुकतात ते वाटेत ‘द्या की जरा त्याच्या हातात’ म्हणून मागे लागणारे पर्यटक. फोटो चांगला येतो, घोड्याच्या तोंडाचं काय होतं ते फोटोत दिसत नाही.

लगाम देतो तेव्हा काय करतो, हे आता सांगते. तोही थेट बिटाला जोडलेला नसतो. आधी म्होरकीला जोडून देते. अंगठा वर, मूठ पूर्ण आवळलेली नाही, कोपर अंगाशी सैल. चालताना घोड्याची मान पुढे-मागे होते, तिच्याबरोबर हात जाऊ द्यायचे. स्थिर हात म्हणजे थिजलेला हात नाही. घोड्याच्या तोंडाच्या दृष्टीने स्थिर. घोडा हलतोय तर हातही हलला पाहिजे, तरच तोंडात काही बदललेलं नसतं. हे बोलून कळत नाही, म्हणून सुरुवातीला शिकणाऱ्याच्या दोन्ही हातांवर मी माझे हात ठेवून शेजारी चालते.

मग थांबायला शिकवते, आणि ते लगामाने नाही. आधी श्वास सोड. मग कंबर जड कर, घोड्याच्या चालीबरोबर जायचं बंद कर. मग मूठ मिट. थांबला की त्याच क्षणी मूठ उघड. या क्रमात मूठ शेवटी येते, आणि खूपदा तिच्यापर्यंत जावंच लागत नाही. चौथीतल्या ज्या मुलीबद्दल वर लिहिलंय, तिने बाळ्याला, होय, त्याच मान ताणणाऱ्या बाळ्याला, नुसता श्वास सोडून थांबवलं. तिला वाटलं तो आपणहून थांबला. मी म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबल्यावर ती त्याच्या मानेवर आडवी पडली आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळून रडायला लागली. आमचे सईस मामा, ज्यांनी आयुष्यभर घोडे सांभाळलेत, तेही डोळे पुसत होते. अशा सकाळींसाठी मी हे काम करते.

पुढे बिटाचा लगाम येतो, कँटर येतो, उड्या येतात. तो भाग तुलनेने सोपा असतो, खरंच. मांड आणि हात तयार झालेलं मूल कँटर फार लवकर उचलतं. मुळात ती तीन ठोक्यांची झोकदार चाल दुडकीपेक्षा अंगाला सुखाची असते.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमक्या करून घेण्याचा प्रकार. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, आपल्या मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. घोडेस्वारीत आशियाई सुवर्ण १९८२ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी. त्या आठवड्यात तबेल्यात दुसरा विषय नव्हता. मुलांना मी त्या फेऱ्या मोबाइलवर दाखवल्या आणि सांगितलं, घोडा बघू नका, फक्त हात बघा. शेवटी एक मुलगा म्हणाला, "ताई, ही माणसं काहीच करत नाहीयेत." ड्रेसाजबद्दल इतकं नेमकं मला कुणी ऐकवलं नव्हतं. सगळं चाललेलं असतं, फक्त बाहेरून दिसेल इतकं मोठं काही नसतं.

शिकवणाऱ्यांसाठी थोडं. आमच्याकडे शिकून मोठ्या झालेल्या दोन मुली आता लहानांना शिकवतात. त्यांच्यात मी एकच गोष्ट बारकाईने बघते: ‘शाबास’ नेमकं कधी म्हणतात. फेरी संपल्यावर म्हटलेलं शाबास वाया जातं. मुलाची कंबर ज्या पावलाला सैल झाली त्या पावलाला ते म्हणायला हवं, म्हणजे त्याच्या अंगाला कळतं की हेच ते. घोड्याची दोरी सोडायची वेळ आणि मुलाला शाबास म्हणायची वेळ, दोन्ही एकाच कौशल्यातून येतात. दुसरं म्हणजे एका फेरीत एकच सूचना. ‘टाच खाली, खांदे मागे, वर बघ, हात खाली’ असं एका दमात ओरडणारे शिक्षक मी खूप पाहिलेत. त्यांची मुलं टाच खाली करतात ती घोटा ताठ करून, खांदे मागे नेतात ते पाठ आखडून. शरीराचे सुटे भाग जागेवर येतात, मूल मात्र ताठ होऊन बसतं. मी बहुधा ‘वर बघ’ एवढंच म्हणते. नजर वर गेली की खांदे आपले मागे जातात आणि वजन टाचेत उतरतं.

पडण्याबद्दल लोक विचारतात. हो, पडतात. जो घोड्यावर बसतो तो कधीतरी पडतो. म्हणून हेल्मेटशिवाय कुणीही बसत नाही, मीसुद्धा नाही, आणि डोक्यावर पडल्यावर ते हेल्मेट बाद होतं, वरून धड दिसलं तरीही. लंजवर असताना मी मुलांना चालत्या घोड्यावरून उतरायलाही शिकवते: दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, पुढे झुक, पाय मागून घे, गुडघे वाकवून उतर. चालीत, मग दुडकीत. हे जमलं की निम्मी भीती गेलेली असते.

आमच्याकडेच या असं माझं म्हणणं नाही. घराजवळ दुसरं ठिकाण असेल तर तिथे जा, पण आधी तबेला बघायला मागा. घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यांत जखमा किंवा जुने वण आहेत का बघा. खोगीर काढायला सांगा. पाठीवर, मानेच्या मुळाशी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर तिथे कधीतरी खोगिराने घासून जखम झालेली आहे. पाणी समोर आहे का, खूर साफ आहेत का, नाल वेळेवर बदललेत का. आणि विचारा, पहिल्या दिवशी लगाम देणार का. ‘हो, लगेच’ असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न मनातल्या मनात ठेवून घरी या.

आमची जमीन काळी आहे, पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि घोड्यांचे पाय मुरगळतात, त्यामुळे शिकवणं बंद असतं. दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली की नवी तुकडी सुरू होते. बूट घोट्याच्या वर येणारे आणि थोडी टाच असलेले हवेत, सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून आरपार सरकतो. जीन्सच्या जाड शिवणी मांडीला काचतात, साधी ट्रॅक पँट चालते. मुलांना काहीतरी खायला घालून आणा. आणि घोड्यासाठी गाजर आणणार असाल तर ते उभं, लांब चिरून आणा. गोल चकत्या त्याच्या घशात अडकतात.